माणूस ही संपत्ती : एका उपेक्षित वाङ्मयप्रकाराचे परीक्षण

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात कशासाठी, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात येईल; आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. काव्य, नाटक, कादंबरी यांची जेथे चर्चा चालावयाची तेथे नफ्यातोट्याच्या कागदांनी शिरकाव करावा, हे प्रथमदर्शनी विपरीत दिसते खरे. परंतु वाङ्मयाची योग्यता लेखकाच्या हेतूवरून ठरवावयाची की वाचकाच्या आयुष्यावर होणाऱ्या परिणामावरून, हा वाद जुना आहे. आणि दुसरी कसोटी लाविली, तर पुण्यातील मध्यम वर्गाच्या आयुष्यास गेल्या तीस वर्षांत या अहवालांनी जितके वळण लाविले तितके कोणत्याही कादंबरीने लाविले नसेल. मुलाने कोणती शाखा घ्यावी, मुलीसाठी कसले स्थळ पाहावे, वाकडला सदनिका घेण्यास किती कर्ज काढावे, निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी कोठे ठेवावी, हे सारे निश्चय या अहवालांत सांगितलेल्या एका गोष्टीवर विसंबून झाले, आणि तेही बहुधा अहवाल न उघडता. न वाचता ज्यांवर श्रद्धा ठेवावयाची असे ग्रंथ आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांत या एका प्रकाराची भर पडली इतकेच.

ती गोष्ट मूळची पुण्याचीच आहे. २ जुलै १९८१ रोजी सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी मॉडेल कॉलनीत नोंदविली. ते दहा हजार सुधा मूर्ती यांच्या शिलकीतून आले, हे आता शाळकरी मुलांसही पाठ आहे. १९८३ साली कंपनीने आपले बिऱ्हाड बंगळूरला हलविले. १९९३ साली तिने प्रत्येकी ९५ रुपयांस शेअर विक्रीला काढले, तेव्हा लोकांकडून पुरती मागणी आली नाही आणि एका अमेरिकन पेढीने हात दिला म्हणून ती विक्री पार पडली. येथपर्यंतचा भाग इतिहास होय. येथून पुढे फलश्रुती सुरू होते. ज्याने त्या वेळी १०० शेअर ९,५०० रुपयांस घेऊन केवळ विसरून जाण्याचे पुण्य केले, त्याच्या खाती २०१८ पर्यंत बक्षीस शेअर व विभाजन यांच्या योगाने १,०२,४०० शेअर जमले. हिशेब खरा आहे. कोणीही करून पाहावा. मात्र पुण्यात ही कथा सांगणारे जितके भेटतात तितके १९९३ साली घेणारे असते, तर ती विक्री अपुरी पडण्याचे कारणच नव्हते.

फलश्रुतीचा दोष हा की ती व्रताचे फळ सांगते, कारण सांगत नाही. कारण साध्या गुणाकाराचे होते. एक अभियंता, त्याचे वर्षाचे तास आणि दर तासाला परदेशी गिऱ्हाइकाने द्यावयाचे डॉलर. वेतन रुपयांत, बिल डॉलरांत; या दोहोंमधील अंतर तो नफा. माणसे दुप्पट केली की उत्पन्न जवळजवळ दुप्पट व्हावयाचे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे आपली टीसीएस, २००४ साली बाजारात आली. पुढच्या वर्षी तिच्याकडे पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसे होती. २०२२ साली ती सहा लाखांवर गेली. याचा अर्थ असा की ज्याने सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर घेतला त्याने वस्तुतः कोणत्याही यंत्राचा वा शोधाचा भाग घेतला नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे बसलेल्या मुलामुलींच्या तासांचा एक लहानसा अंश त्याने विकत घेतला.

आता परीक्षणाच्या खऱ्या विषयाकडे येतो. हा गुणाकार उघडा ठेवणे कोणासही रुचण्यासारखे नव्हते. तासांची घाऊक विक्री हे वर्णन ना विकणाऱ्याच्या प्रतिष्ठेस शोभणारे, ना ज्याचे तास विकावयाचे त्याच्या. तेव्हा अहवालकर्त्यांनी एक रूपक योजिले: माणूस ही आमची संपत्ती. नारायण मूर्ती यांचे त्या आशयाचे एक वचन पुष्कळांस ठाऊक आहे. आमची संपत्ती रोज सायंकाळी दारातून बाहेर पडते, ती सकाळी परत यावी ही जबाबदारी आमची. (हिंजवडीच्या चौकात ही संपत्ती सायंकाळी तास-तास अडकून पडते, ही गोष्ट वेगळी.) इन्फोसिसने तर या रूपकास अंकांचे रूप दिले, आणि या वाङ्मयप्रकारातील सर्वांत धाडसी कृती म्हणून मी तिचे नाव घेईन. बारूख लेव्ह व आबा श्वार्ट्‌झ या दोन पंडितांनी १९७१ साली मांडलेल्या पद्धतीने ही कंपनी कित्येक वर्षे आपल्या अहवालात कर्मचाऱ्यांचे मोल छापीत असे. कर्मचारी निवृत्त होईपर्यंत जे वेतन मिळवील त्याची आजची किंमत काढावयाची, सर्वांची बेरीज करावयाची, आणि ही आमची मानवी संपत्ती म्हणून सांगावयाचे. ताळेबंदात नव्हे, त्याच्या बाहेर, पुरवणी माहितीत. परंतु करोडोंचे आकडे देऊन, नीट कोष्टक आखून.

कोष्टक सुंदर होते. त्यामागे कंपनीचा प्रामाणिकपणाही होता. त्या काळी इतकी माहिती स्वखुशीने देणाऱ्या कंपन्या देशात विरळा. परंतु रूपकाची परीक्षा करताना उपमेय आणि उपमान यांचा संबंध कोठवर टिकतो हे पाहावे लागते, आणि तेथे हे रूपक तुटते. पुढे मिळणारे वेतन ही संपत्ती खरी, पण कोणाची? ज्यास ते मिळावयाचे त्याची. जो देणार त्याचा तो खर्च. शेतात राबणाऱ्या गड्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या मजुरीची बेरीज करून ती आपल्या इस्टेटीत लिहिणारा जमीनदार आपण पाहिलेला नाही. ज्या काळात माणसे वाढली म्हणजे बिले वाढत, त्या काळात हा घोटाळा कोणाच्या लक्षात आला नाही, कारण खर्च आणि संपत्ती ही दोन्ही एकाच दिशेने चढत होती. पुत्राचे वेतन वाढे, पित्याचा शेअर वाढे, आणि घरात दोघांनाही आपण एकाच उत्कर्षाचे वाटेकरी आहो असे वाटे. गेल्या कित्येक वर्षांच्या अहवालांत हे कोष्टक नाही. ते का गेले याची चिकित्सा मी करीत नाही. परंतु आज कोणी ते पुन्हा मांडावयास बसला, तर त्यास मोठाच पेच पडेल.

तो पेच कृत्रिम बुद्धिमत्तेने आणिला. नोव्हेंबर २०२२ अखेर चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत, आज्ञावली लिहिणे, तपासणे, जुन्या आज्ञावलीची डागडुजी करणे ही जी कामे तासांवर विकली जात होती, त्यांतील चांगलाच वाटा यंत्र करू लागले. आता कोष्टक पाहा. दहा माणसांचे काम सात करू लागली तर तिघांचे भावी वेतन वजा होते. म्हणजे लेव्ह-श्वार्ट्‌झ यांच्या पद्धतीने कंपनीची संपत्ती घटते. त्याच वेळी नफा मात्र वाढू शकतो. संपत्ती घटल्याने नफा वाढतो असे ज्या रूपकावरून निष्पन्न होते ते रूपक मुळातच चुकीच्या व्याकरणावर उभे होते, असे म्हणणे प्राप्त आहे. नव्या यंत्राने ते मोडले नाही. त्यातील चीर उघडी पाडली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो जाणत्यांकडून येईल. यंत्राने आज्ञावली लिहिणे ही कल्पना पुण्यास नवी नाही. इन्फोसिसची नोंदणी झाली त्याच १९८१ साली टाटांनी येथे संशोधन, विकास व आराखडा यांसाठी एक केंद्र स्थापिले. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील त्या केंद्रात, आराखडा दिला असता त्यावरून यंत्रानेच आज्ञावली तयार करावी अशी साधने घडविली गेली आणि 'मास्टरक्राफ्ट' या नावाने टीसीएसने ती वापरलीही. तरी माणसे कमी झाली का? उलट लाखांनी वाढली. साधन सुधारले की काम स्वस्त होते, स्वस्त झाले की मागणी वाढते, हा न्याय तेव्हा खरा ठरला. मी या आक्षेपास मान देतो. परंतु त्या साधनांस काटेकोर आराखडा लागे आणि तो करण्यास शिकलेली माणसे लागत. आजच्या यंत्रास साध्या बोलीत सांगितले तरी पुष्कळसे समजते. शिवाय मागणी वाढली तरी वाढलेल्या कामाचे मोल कोणाच्या पदरी पडेल हा प्रश्न उरतोच. गिऱ्हाईक काही दूधखुळे नाही. करार नवा करण्याची वेळ येते तेव्हा तो म्हणतो, तुमचे काम यंत्राने हलके केले ना, मग त्यातला वाटा मला भावात द्या. काम तासांच्या बोलीवर असेल तर वाचलेला तास म्हणजे थेट बुडालेले उत्पन्न. ठोक रकमेवर असेल तर बचत कंपनीकडे राहते, पण करार संपेपर्यंतच. म्हणून शेअर घेणाऱ्याने अहवालात प्रथम शोधावयाचे ते हे की ठोक काम किती आणि तासांचे किती. इन्फोसिससारख्या काही कंपन्या हे प्रमाण देत आल्या आहेत. ते अध्यक्षांच्या पत्रात नसते. मागच्या बाजूस, बारीक टायपात असते.

अध्यक्षांच्या पत्राची शैली हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. एकच खूण सांगतो. यश आले की वाक्याचा कर्ता 'आम्ही' असतो. अपयश आले की कर्ता 'परिस्थिती' होतो, आणि क्रियापद कर्मणी प्रयोगात जाते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने त्या वर्षात आपल्या मनुष्यबळातील सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे, कमी करण्याचे जाहीर केले. त्या निवेदनात भविष्यासाठी सज्ज होण्याची भाषा होती. यंत्रामुळे माणसे जात नाहीत, ज्यांची कौशल्ये कामाशी जुळत नाहीत त्यांस जावे लागते, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु कौशल्य कामाशी का जुळेनासे झाले, काम कोणी बदलले, या प्रश्नापाशी वाक्य थांबते, आणि जेथे वाक्य थांबते तेथेच टीकाकाराने बोट ठेवावयाचे असते. बाजाराने आपला अन्वय स्वतःच लाविला होता. २०२४ च्या पावसाळ्याअखेर साडेचार हजार रुपयांच्या घरात असलेला हा शेअर २०२५ च्या त्याच सुमारास तीन हजारांच्या आसपास आला. नफा उतरला होता म्हणावे तर तसेही नाही. मार्च २०२५ अखेरच्या वर्षाचा नफा अठ्ठेचाळीस हजार कोटींहून अधिक, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्तच होता. नफा चढत असता भाव एक तृतीयांशाने खाली यावा, याचा अर्थ घेणारे आता गत वर्षाचा अहवाल वाचीत नव्हते, दहा वर्षांनंतरचा वाचू पाहत होते. तो कोणीच लिहिलेला नाही, म्हणून जो तो आपल्या भयाप्रमाणे वाचतो.

सर्वच चित्र काळे आहे असे मात्र नव्हे. सेनापती बापट रस्त्यावर 'भागीरथ' नावाच्या वास्तूत ज्या कंपनीचे ठाणे आहे त्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचे उदाहरण घ्या. आनंद देशपांडे यांनी १९९० साली ती पुण्यात काढली. २०१० साली प्रत्येकी ३१० रुपयांस शेअर विकून ती बाजारात आली. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात तिचे उत्पन्न सुमारे ९,८०० कोटी रुपये होते. पुढच्या वर्षात ते ११,९०० कोटींच्या आसपास गेले, म्हणजे एकपंचमांशाहून अधिक वाढले. माणसे मात्र चोवीस हजारांच्या आगेमागेच राहिली, वाढ शेकडा तीनचार. जुना गुणाकार येथे मोडलेला स्पष्ट दिसतो, आणि तो मोडूनही कंपनी वाढली. भागधारकाने आनंद मानावा असाच हा आकडा आहे. तथापि हे अधिकचे उत्पन्न कोठून आले? यंत्राच्या साहाय्याने, की पूर्वी काही काळ रिकामे बसणारे हात आता कामाला जुंपल्यामुळे, की चढ्या दराची कामे मिळाल्यामुळे? रिकाम्या हातांचे प्रमाण त्या वर्षात उतरले होते, हे कंपनीच्याच आकड्यांवरून दिसते. आणि ही युक्ती एकदाच चालते, शंभरातले शंभर कामाला लागले की संपली. अहवालाने ही तिन्ही कारणे वेगळी करून सांगितली पाहिजेत. पुण्याच्या सॉफ्टवेअर धंद्यास हिशेबनिसांचे वावडे नाही. केपीआयटी या कंपनीचे तर नावच कीर्तने आणि पंडित या हिशेबनिसांच्या पेढीवरून आलेले आहे. तेव्हा असे पृथक्करण करणे येथे अवघड जाऊ नये.

एकच लेखक दोन श्रोत्यांपुढे दोन रसांत कसा बोलतो याचा नमुना पाहावयाचा असेल, तर इन्फोसिसचा येथील अहवाल आणि तीच कंपनी अमेरिकेतील नियामकांकडे दर वर्षी दाखल करते तो अहवाल, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. १९९९ साली अमेरिकन बाजारात नाव दाखल केल्यापासून हा दुसरा अहवाल तिला लिहावा लागतो. तेथे नियमच असा की काय काय बिघडू शकेल ते आरंभीच्या भागात सविस्तर सांगावयाचे. मग तेथे पानेच्या पाने भयानक रस वाहतो: गिऱ्हाइके थोडी आणि मोठी, उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा उत्तर अमेरिकेतून, परवान्यांचे कायदे बदलतील, नवी यंत्रे आमचे कामच अनावश्यक करतील. वकिलाने लिहिलेले हे गद्य रूक्ष आहे, कंटाळवाणे आहे, आणि भागधारकाच्या दृष्टीने रंगीत चित्रांच्या अहवालापेक्षा शतपटीने मोलाचे आहे. भाव मुंबईत ठरतो पण भवितव्य अमेरिकेत, हे आपल्याकडे प्रथमच घडते आहे असेही नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला म्हणून मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, बॅक बेच्या शेअरांनी गगन गाठले, आणि १८६५ साली ते युद्ध थांबताच पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. त्या वेळी कापूस विकला जात होता, आता तास.

प्रशस्तिपत्रांवर विसंबू नये हे सांगावयास तर सत्यमचे नाव पुरे. २००८ साली सुशासनाचे पारितोषिक घेतलेल्या या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी एक पत्र लिहिले आणि बँकांत दाखविलेली ५,०४० कोटींची शिल्लक अस्तित्वातच नाही असे कळविले. या साऱ्या वाङ्मयात आजवर ज्या पत्रावर भागधारकांचा ताबडतोब विश्वास बसला असे ते बहुधा एकच पत्र असावे.

माझे एक स्नेही कोथरूडला राहतात. निवृत्तीच्या पैशातील बराच भाग त्यांनी दोन सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शेअरांत ठेविला आहे. त्यांतीलच एकीत त्यांचा मुलगा बारा वर्षे नोकरीस आहे, आणि त्याच्या सदनिकेचे कर्ज फिटावयास आणखी चौदा वर्षे आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले आणि शेअर ठेवू की विकू, असे विचारू लागले. मी काही या विषयातला सल्लागार नव्हे. मी एवढेच म्हटले की त्या कंपनीचा अहवाल आणि मुलाला मिळालेला कामाच्या मूल्यमापनाचा कागद, हे दोन्ही एका बैठकीत वाचा. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. दोन्ही कागदांत तेच शब्द आहेत, ते म्हणाले. कौशल्यवृद्धी, उत्पादकता, यंत्रासह काम. "एकात हे शब्द वाचून मी खूश व्हावे अशी अपेक्षा दिसते, आणि दुसऱ्यात तेच वाचून पोराला झोप लागत नाही. आता मी कोणत्या बाजूने वाचू?"

मला उत्तर सुचले नाही. भागधारक म्हणून त्यांचे हित सहा माणसांचे काम चौघांत व्हावे यात आहे, आणि पिता म्हणून जाणाऱ्या दोघांत आपला मुलगा नसावा यात. माणूस ही संपत्ती, या रूपकाने तीस वर्षे या दोन हितांना एका वाक्यात नांदविले होते. शेवटी त्यांनी मुलाच्या कंपनीचे सर्व शेअर विकले, दुसरीचे ठेविले, आणि आलेल्या पैशातून त्याच्या कर्जाचा एक मोठा हप्ता आगाऊ भरून टाकण्याचे ठरविले. शेअर कोणते विकले हे मात्र त्यांनी मुलास अजून सांगितलेले नाही.